दोन्या ओब्दुलियाचं कुलूप

नाबोरच्या वागण्याला काही धरबंधच उरला नव्हता. सिनेमे चोरले, ते दोन्या ओब्दुलियाने एक वेळ गिळलं असतं. तेपितोच्या बाजारात सिनेमे कोण चोरत नाही? पण या मेल्याने तिचा ठिपका चोरला.

दोन्या ओब्दुलियाला लिहायला-वाचायला जेमतेम यायचं. शाळेत ती गेली ती फळ्याचा रंग लक्षात राहण्यापुरती. म्हणून जी सीडी बघून झाली, तिच्या कव्हरवर ती आपल्या नखपॉलिशचा एक लालभडक ठिपका द्यायची. ठिपका आहे म्हणजे तो सिनेमा तिने स्वतः, नावांच्या पाट्या सुरू होण्यापासून शेवटच्या पाट्या संपेपर्यंत बघितलाय. चित्र उड्या मारत नाही, आवाज ओठांच्या मागे धावत नाही, आणि ऐन रडण्याच्या जागी कुणाचं तरी काळं डोकं उठून पडद्यासमोरून मुतायला जात नाही. टेबलामागे बसून ती भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे सोलायची आणि समोरच्या टीव्हीवर सिनेमा बघायची. काटे संपायचे, सिनेमा संपायचा, मग ठिपका. गल्लीत सीडीवाले ढिगाने होते, पण म्हातारेकोतारे शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून मेट्रो बदलत यायचे, ते या ठिपक्यासाठी.

आणि आता चार ताडपत्र्या सोडून पलीकडे, नाबोरच्या टेबलावर तेच सिनेमे, तीच कव्हरं आणि कव्हरांवर तोच ठिपका. नखपॉलिशचा नव्हे, छापलेला! तिचं कव्हर जसंच्या तसं यंत्रात घालून त्याने ठिपक्यासकट छापून काढलं होतं. वर तिच्यापेक्षा स्वस्त विकत होता.

ते कव्हर हातात नाचवत दोन्या ओब्दुलिया थेट एउलालियाच्या चुलीपुढे जाऊन उभी राहिली. एउलालिया ही नाबोरची सख्खी आई. गल्लीच्या तोंडाशी मिगास, म्हणजे पाव कुस्करलेला रस्सा, विकायची. ओब्दुलिया त्याची माद्रिना, म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्याला हातात धरणारी धर्माची आई. त्या नात्याने दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. कोमाद्रेला अरेतुरे करायचं नसतं; शिवी द्यायची झाली तरी 'तुम्ही' म्हणून द्यायची.

"कोमाद्रे, तुमच्या पोटी हे काय निपजलं?"

एउलालियाने वर बघितलंसुद्धा नाही. डुकराच्या हाडांच्या उकळत्या रश्शात ती शिळे पाव कुस्करत होती. "पोटी माझ्या निपजलं कोमाद्रे, पण धंदा तुम्ही शिकवलात. मी त्याला रस्सा ढवळायला बसवत होते."

"धंदा शिकवला. चोरी नव्हती शिकवली."

"अस्सं? आणि तुमच्या टेबलावरचे सिनेमे तुम्हाला लग्नात आंदण आले होते वाटतं?"

रश्शासाठी थांबलेले हमाल फिदीफिदी हसले. दोन्या ओब्दुलियाने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. हसू विझलं.

"त्यात माझे डोळे गेलेत," ती म्हणाली. "एकेक सिनेमा बसून बघते मी. तुमचा मुलगा काय करतो? माझी सीडी गिऱ्हाईक पाठवून विकत आणतो आणि संध्याकाळपर्यंत तिची पिल्लं काढतो. आयत्या बिळावर नागोबा!"

"गिऱ्हाईक पाठवून विकत आणतो ना? मग चोरतो कुठे? तुम्ही तर तेवढंही करत नाही."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण रस्सा उतू जात होता, म्हणून दोन्या ओब्दुलियाने कव्हर मुठीत चुरगळलं आणि पाठ फिरवली. पाठ फिरवायची वेळ तिच्यावर आयुष्यात फार वेळा आली नव्हती. तेही तिने नाबोरच्याच खाती मांडलं.

बाकीचं सगळं त्याने घेतलं असतं आणि 'कसिल्दाचं अंगण' तेवढं सोडलं असतं, तरी ती कदाचित गप्प बसली असती.

'कसिल्दाचं अंगण' हा जुना, काळापांढरा सिनेमा. कसिल्दा नावाची धोबीण, एका चाळीच्या अंगणात सगळ्यांचे कपडे धुणारी. घरमालक चाळ रिकामी करायला येतो, आणि ती ओल्या हाताने त्याच्या थोबाडीत ठेवून देते. गोष्ट एवढीच. पण अंगण तेपितोतलं होतं, बोलणं तेपितोतलं होतं, आणि ती थोबाडीत तर होतीच होती. गल्लीतल्या जुन्या माणसांना त्यातला शब्द न् शब्द पाठ. दर ऑक्टोबरात बाजाराचा वाढदिवस यायचा. सकाळी पाद्री येऊन टेबलांवर पवित्र पाणी शिंपडून जायचा, सीड्यांवरसुद्धा. दुपारी केक, संध्याकाळी दोन खांबांमध्ये चादर बांधून हा सिनेमा. आणि सिनेमा दाखवायचा मान दोन्या ओब्दुलियाचा. का, तर तो फक्त तिच्याकडे होता. कधी काळी टीव्हीवर लागला तेव्हा तिने बटणावर अंगठा ठेवून, जाहिराती गाळून टेपवर घेतला होता. ती टेपही पुढे गेली. फिदेन्सियो, तिचा थोरला, त्याच्या लग्नाचं शूटिंग चुकून त्याच टेपवर घेतलं गेलं. आणि ते लग्नही काही टिकलं नाही. उरली होती टेपवरून काढलेली, पावसात उभी असल्यासारखी दिसणारी एक प्रत.

मग त्या वसंतात शिकागोहून अम्पारोने, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीने, गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती सीडी पाठवली. दुकानातली. कोरी. चकाकत्या कागदात सीलबंद. कुठल्याशा कंपनीने जुना सिनेमा धुऊनपुसून पुन्हा बाजारात आणला होता. दोन्या ओब्दुलियाच्या घरात आलेली ही पहिली खरी सीडी. तिने कोमाद्रेला बोलावलं, चष्मा पुसला, आणि फिदेन्सियोने ती प्लेअरमध्ये सरकवली.

पडद्यावर अक्षरं आली. कसिल्दा काही आली नाही.

"काय म्हणतंय?"

"ही सीडी या प्रदेशात चालणार नाही, म्हणतंय," फिदेन्सियो म्हणाला.

"कुठल्या प्रदेशात?"

"आपल्या."

"म्हणजे आपल्या अंगणात काढलेला सिनेमा आपल्याच अंगणात चालणार नाही?"

"कुलूप असतं आई त्यात. तिकडच्या प्लेअरवर चालते, इकडच्या नाही. विकणाऱ्यानेच घातलेलं असतं."

"अम्पारोने पैसे दिले ना त्याचे?"

"दिले ना. पावतीपण आहे आत."

"मग? कोंबडी विकत घेतल्यावर ती कुठल्या चुलीवर शिजवायची हे कोंबडीवाला सांगायला येतो का?"

"आयुष्यात एकदा सरळ मार्गाने वस्तू आली घरात," कोमाद्रे म्हणाली, "आणि दारातच अडली. बघा म्हणजे."

फिदेन्सियोने डोकं खाजवलं. "फोडू कुलूप?"

"विचारतोस काय!"

तिची कॉफी निवायच्या आत त्याने ते फोडलं. आणि मग कसिल्दा आली. अशी स्वच्छ, की तिच्या परकराच्या काठावरचं रफू दिसलं. इतकी वर्षं बघूनही ते कुणाला दिसलं नव्हतं. दोन्या ओब्दुलियाने त्या दिवशी निवडुंगाचं एकही पान सोललं नाही.

नव्या प्रती टेबलावर मांडल्या, आणि त्या आठवड्यातच नाबोरच्या टेबलावर त्या रफूसकट हजर.

तेव्हा दोन्या ओब्दुलियाचं डोकं फिरलं. "फिदेन्सियो," ती म्हणाली, "कुलूप लाव. त्या लोकांनी लावलं होतं तसं. आपल्या सगळ्या सीड्यांना."

"आई, त्यांचं कुलूप मी कॉफी निवायच्या आत फोडलं."

"ते परक्याचं होतं. आपलं चांगलं लाव."

कंप्युटरच्या बाजारातून उलिसेस नावाचा एक जण आला. डोक्याला तेल, हातात बॅग, तोंडात च्युइंगम. त्याने समजावून सांगितलं: सीडीवर मुद्दाम बारीक बारीक खड्डे ठेवायचे. प्लेअर त्यांवरून टुणकन उडी मारून पुढे जातो. नक्कल करणारं यंत्र मात्र खड्ड्यात पाय घालून पडतं.

"आणि प्लेअर जुना असेल तर?" फिदेन्सियोने विचारलं.

"जुन्याचं काही सांगता येत नाही," उलिसेस म्हणाला.

हे वाक्य दोन्या ओब्दुलियाला ऐकायचं नव्हतं, म्हणून तिने ऐकलं नाही. उलट कुलपाच्या सीड्या तयार झाल्यावर तिने पत्र्याची कात्री मागवली आणि बिनकुलपाच्या मूळ सीड्या एकेक करून कापायला बसली. अम्पारोचीसुद्धा.

"आई, अगं ही तरी ठेव. कसिल्दा नाबोरकडे आहेच ना आता. हिला कापून काय होणार?"

"त्याच्याकडे चोरीची आहे. आपल्याकडे कुलपाची राहील. उघडी वस्तू घरात नको. घरातूनच फुटतात या गोष्टी."

"घरात मी एकटाच आहे."

"म्हणूनच म्हणते."

ठिपकेसुद्धा तिने सगळ्यांना एका बैठकीत देऊन टाकले. सिनेमे तेच होते, शंभरदा बघितलेले. पुन्हा काय बघायचं? नखपॉलिशची बाटली त्या दिवशी तळाला गेली.

नाबोरची नवीन पिल्लं बंद झाली, हे खरं. त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला, यंत्र घरघरलं आणि गप्प झालं. दोन्या ओब्दुलिया आठवडाभर गल्लीतून अशी चालली, की जणू मागे वाजंत्री वाजतेय. पण मग सीड्या परत यायला लागल्या. आधी दोन अनास्तासियो आला (बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात तसं पुरुषाला 'दोन'), रेल्वेतला म्हातारा, तिचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक.

"दोन्या, मध्येच थांबते हो ही."

"तुमचा प्लेअर बघा. कचऱ्यातून उचललेला दिसतोय."

"मुलाने दिलाय."

"मग मुलगा बघा."

म्हातारा ओशाळून हसला. जाता जाता एवढंच म्हणाला, "नाबोरची मात्र चालते त्याच्यावर."

असं बोलणारा तो एकटाच राहिला नाही. पूर्वी कुणी सीडी परत आणली, तर दोन्या ओब्दुलिया काही न विचारता बदलून द्यायची, वर माफी मागायची; तिच्या टेबलाची तीच तर शान होती. आता ती प्रत्येकाला त्याच्या प्लेअरची लायकी सांगू लागली. लोक ऐकून घेत, मान हलवत आणि चार ताडपत्र्या पुढे जात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तिला ते कोण सांगणार? कोमाद्रेने एकदा रश्शाची वाटी पुढे करत सांगून बघितलं.

"कोमाद्रे, कुलूप चोरासाठी असतं. तुमचं गिऱ्हाइकालाच लागतंय."

"रस्सा खारट झालाय," दोन्या ओब्दुलिया म्हणाली आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

वाढदिवस जवळ आला, तसा एक दिवस दोन मासेदोनियो तिच्या टेबलाशी आला. हा गल्लीचा पुढारी. कुणाची ताडपत्री कुठे लागायची ते तो ठरवायचा. हॅट हातात घेऊन आला, तेव्हाच तिने ओळखलं की काहीतरी वाईट बोलायला आलाय.

"दोन्या, यंदा सिनेमाचं... म्हणजे लोक म्हणतात, तुमच्या सीड्या अडकतात म्हणे. अख्ख्या गल्लीसमोर काही झालं तर बरं दिसायचं नाही. तर यंदापुरतं नाबोरला सांगितलं तर? तुम्ही पुढे बसा आरामात, खुर्चीवर."

आजूबाजूच्या टेबलांवरचे हात थांबले. सगळे कान इकडे. दोन्या ओब्दुलिया उभी राहिली. ती उंचीने फारशी नव्हती, पण उभी राहिली की समोरच्याला आपण बसलोय असं वाटायचं.

"दोन मासेदोनियो, तुमचे गुडघे तुमच्या चड्डीतून दिसायचे तेव्हापासून या गल्लीत सिनेमा मी दाखवतेय. यंदाही मीच दाखवणार. आणि सगळ्यांदेखत सांगते, माझी सीडी अडकली, तर पुढच्या वर्षापासून हा मान नाबोरचा. कायमचा. झालं समाधान?"

शब्द तोंडातून गेला आणि गल्लीभर पसरला. नाबोरच्या कानावरही गेला असणार, कारण त्या संध्याकाळी तो टेबल आवरताना एकदाही तिच्या बाजूला बघेना. पूर्वी जाताना तो "येतो माद्रिना" म्हणायचा, भांडण असलं तरी. त्या दिवशी तेही नाही.

"आई," फिदेन्सियो हळूच म्हणाला, "एकदा पूर्ण लावून बघू या का? आपल्याच प्लेअरवर?"

"माझा माझ्या मालावर विश्वास आहे," ती म्हणाली. खरं कारण वेगळं होतं. तिला भीती वाटत होती. आणि दोन्या ओब्दुलियाला भीती वाटते हे जगात कुणालाच ठाऊक नसल्यामुळे, तिने ते स्वतःलाही कळू दिलं नाही.

वाढदिवस झकास झाला. पाद्र्याने पाणी शिंपडलं, केकचा सगळ्यांत मोठा तुकडा त्यालाच मिळाला, जाताना त्याने नाबोरकडून संतचरित्राची एक सीडी घेतली. ते दोन्या ओब्दुलियाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पिवळ्या-निळ्या ताडपत्र्या गुंडाळल्या गेल्या, तेव्हा गल्लीला कित्येक महिन्यांनी आभाळ दिसलं. लाउडस्पीकरवाला गमालिएल आपल्या भिंतीएवढ्या पेट्यांवर गाणी लावून मधेमधे माइकवरून नमस्कार वाचत होता: या चाळीकडून त्या चाळीला, अमक्याकडून रुसलेल्या बायकोला. उन्हं उतरली. चादर ताणली गेली. लोक घरातून खुर्च्या, बादल्या, पिंपं घेऊन आले. एउलालियाने मिगासचा हंडा मध्ये आणून ठेवला. पुढच्या रांगेत सगळे म्हातारे. दोन अनास्तासियो इस्त्रीचा शर्ट घालून.

फिदेन्सियोने सीडी लावली. कसिल्दा आली, रफूसकट, आणि गल्लीने सुस्कारा सोडला. घरमालकाच्या मोटारीचा आवाज आला तेव्हा लोकांनी नेहमीप्रमाणे शिट्ट्या मारल्या. कसिल्दाने घंगाळातून हात बाहेर काढला तेव्हा पुढची रांग अर्धी उठलीच. घरमालक म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत अंगण रिकामं पाहिजे." कसिल्दाने हात उगारला.

आणि हात तिथेच राहिला.

चित्र आधी थरथरलं, मग त्याचे चौकोन झाले, मग नुसता एक ओला हात चादरभर हवेत. लोक थांबले. हातही थांबला. घरमालकाचा गाल वाट बघत राहिला.

"नमस्कार! नमस्कार!" गमालिएलच्या जिभेला हाड नव्हतं, त्याने माइक उचलला. "खास नमस्कार दोन्या ओब्दुलियाला, जिने घरमालकाला माफ केलं!"

अख्खी गल्ली फुटली. हसण्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं, पण हसणं ते हसणंच. फिदेन्सियोने सीडी पुसली. पुन्हा हात. दुसरी लावली. पुन्हा तोच हात, तोच खड्डा. तिसरी लावायला निघाला तेव्हा दोन्या ओब्दुलिया म्हणाली, "राहू दे. सगळ्या एकाच आईच्या आहेत."

हळूहळू डोकी वळली. नाबोर मागच्या बाजूला एका पालथ्या पिंपावर बसला होता, मांडीवर मिगासची वाटी. तो वाटीतलं हाड चोखत होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

"ऊठ ना रे," त्याची आई म्हणाली. "तुझ्याकडे आहे ना? आण की."

"माद्रिनाने सांगितल्याशिवाय नाही."

"अरे पण लोक..."

"आई, सिनेमा त्यांचा आहे आजचा. मी मध्ये घुसणार नाही."

ते दोन्या ओब्दुलियाला ऐकू गेलं. सगळ्यांनाच गेलं. ती उभी राहिली. नाबोरपर्यंत जायला पडद्यासमोरूनच वाट होती. प्रोजेक्टरचा झोत तिच्या अंगावरून गेला, आणि कसिल्दाचा तो मोठा हात क्षणभर तिच्या डोक्यावर आला. कुणीही हसलं नाही. ती जाऊन त्याच्यापुढे उभी राहिली. नाबोर वाटी खाली ठेवून उठला. उंच झाला होता. इतक्या जवळून तिने त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. कानामागे एक-दोन पांढरे केस होते.

"तुझ्याकडे आहे?"

"आहे, माद्रिना."

"कुठली?"

"तुमचीच. कुलपाच्या आधीची."

"पूर्ण चालते?"

"तुमची होती म्हणून मी बघितली नाही," नाबोर म्हणाला. "तुमच्या बघाव्या लागत नाहीत. म्हणून तर मी दुसऱ्या कुणाच्या घेत नाही. बाकीच्यांच्या घेऊन बघितल्या होत्या. कुणाची मुकी, कुणाची अर्धी. तुमच्याच तेवढ्या..." तो थांबला. "स्वस्त विकायला नको होत्या. ते चुकलं."

बोलणं असं की त्यावर रागवावं की काय करावं ते तिला कळेना. हा माणूस तिच्या नावावर तिच्याइतकाच विसंबून होता. तिच्याहून जास्तच; तिने स्वतः तरी ठिपके कुठे बघून दिले होते?

"मग आण," ती म्हणाली. मग पुढचा शब्दही निघाला. "कृपा कर."

'कृपा कर' हे दोन शब्द तिच्या तोंडून याआधी ऐकलेलं माणूस गल्लीत एकही नव्हतं. एउलालियाने झटकन छातीवर क्रूसाची खूण केली.

नाबोर धावत गेला आणि धापा टाकत आला. सीडी लागली. त्याने सिनेमा पुढे पळवला, मोटार आली, घरमालक आला, घंगाळ आलं. कसिल्दाने हात उगारला. दोन अनास्तासियो दोन्ही मुठी आवळून उभा राहिला. आणि या वेळी ती थोबाडीत अशी बसली, आणि गमालिएलने नेमका तेव्हाच आवाज इतका वाढवला, की पलीकडच्या रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. लोक ओरडले, टोप्या उडाल्या. "आणखी एकदा! आणखी एकदा!" असा गलका झाला, आणि नाबोरने ती आणखी एकदा लावली. मग आणखी एकदा. घरमालकाने त्या संध्याकाळी जितका मार खाल्ला तितका त्याच्या अख्ख्या जन्मात खाल्ला नसेल.

दोन्या ओब्दुलिया आपल्या खुर्चीवर परत गेली नाही. ती कोमाद्रेशेजारी, हंड्याच्या उबेला बसली. रडायच्या जागी रडली, हसायच्या जागी हसली, आणि संवाद सगळ्यांच्या आधी अर्धा श्वास म्हणत राहिली. कोमाद्रेने न विचारता तिची वाटी भरली.

"खारट नाही ना?"

"खारटच आहे," दोन्या ओब्दुलिया म्हणाली. "आणखी घाला."

सिनेमा संपला. लोक खुर्च्या उचलू लागले, कुणी कुणाची बादली घेऊन चाललं म्हणून वाद सुरू झाला, गमालिएलने नाचाचं गाणं लावलं. दोन मासेदोनियो हॅट हातात घेऊन इकडे यायला निघाला होता. तिने लांबूनच हाताने त्याला थोपवलं. नाबोर प्लेअरची वायर गुंडाळत होता. तिला येताना पाहून त्याने वायर सोडली आणि शाळेत उभं राहावं तसा उभा राहिला. आजूबाजूचे रेंगाळले. सगळ्यांना ऐकायचं होतं, आणि तिलाही सगळ्यांना ऐकवायचं होतं.

"नाबोर, तू चोर आहेस. ते मी मागे घेत नाही, तुझ्या आईसमोर सांगते. पण आज तू चोरलं नसतंस, तर कसिल्दाचा हात जन्मभर हवेत राहिला असता, आणि तो तिथे मी ठेवला होता. तेव्हा ऐक. उद्या सकाळी तुझ्याकडे माझे जेवढे सिनेमे आहेत, त्यांची एकेक प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवायची. पैसे मी देणार नाही, त्या माझ्याच आहेत. पुढे मला काही नवीन मिळालं की एक प्रत तुझ्याकडे राहील, तुला मिळालं की माझ्याकडे. पोलिसांचा छापा तुझ्यावर पडला तर माझी वाचेल, माझ्यावर पडला तर तुझी. भाव दोघांचा एकच. मी शब्द दिला होता, तो पाळते: पुढच्या वर्षापासून सिनेमा तू दाखवायचास. कुठला दाखवायचा ते मी ठरवणार. आणि मध्येच अडकला ना, तर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसणार आहे, आत्ताच सांगून ठेवते."